ताणलेल्या टेपचा खुलासा

प्रति,
मा. विभागप्रमुख व प्रमुख संशोधक,
लठ्ठपणा व यकृतविकार संशोधन विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, दुसरा मजला (जिन्याने, सहभागींना लिफ्ट बंद आहे).

विषय : माप घेणाऱ्या ताईंवरचा ठपका काढून तो अर्जदाराच्या गळ्यात घालणेबाबत.

संदर्भ : १) ताईंना मिळालेली कारणे दाखवा नोटीस.
२) अर्जदाराचा जुना टेप.

महोदय,

अर्जदार व्यवसायाने टेलर असून रुग्णालयासमोरच्या गल्लीत त्याचे दुकान आहे. गल्लीत त्याला मास्तर म्हणतात. आपल्या अभ्यासात तो सहभागी क्रमांक ४७ आहे, आणि कोणत्याही कागदावर सहभागीचे नाव लिहू नये असा आपलाच नियम असल्याने याही कागदावर तो क्रमांकानेच हजर आहे. अर्ज लिहिण्याचा सराव नाही, तरी चूकभूल पोटात घालावी. आपल्या विभागात पोटात घालण्याबद्दल काय मत आहे ते अर्जदारास ठाऊक आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही.

१. पोटावरची चरबी, यकृतावरची चरबी आणि रक्तातले आकडे यांचे आपसात काय साटेलोटे आहे हे शोधण्यासाठी आपण आठ महिन्यांपूर्वी चौसष्ट माणसे निवडलीत. निम्म्यांनी रोज पाऊण तास चालायचे आणि साखर सोडायची. उरलेला तुलना गट. त्याने आजवर जसा जगत आला तसेच जगायचे. अर्जदार चालणाऱ्यांत पडला. त्याचे शेजारी, पोस्टातले काका, तुलना गटात पडले. "काही करू नका" असे शिक्क्यानिशी लेखी सांगणारा कागद काकांना जन्मात प्रथमच मिळाला होता. त्यांनी तो फ्रेम करून काकूंना दिसेल अशा ठिकाणी लावला.

२. दर महिन्याला वजन, कंबर आणि रक्त. वजनकाटा मुका आहे आणि रक्ताचे आकडे परक्या भाषेतले. पण कंबर ही गोष्ट माणसाला कळते, आणि तिथेच तो खट्टू होतो. महोदय, आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाइकाची कंबर तोंडाने एक इंच कमी सांगायची आणि वहीत खरी लिहायची. तीस वर्षे अर्जदाराने हे पुण्यकर्म केले आहे. ताई तसे करीत नाहीत. त्या आकडा बोलतच नाहीत. दोनदा माप घेतात, चिठ्ठीवर लिहितात, चिठ्ठी फक्त ज्याची त्याला दाखवतात, म्हणजे मागच्या रांगेत कोणी हसायला नको. त्याआधी तळहात चोळून गरम करतात आणि म्हणतात, "श्वास सोडा, पोट सोडा, लाज सोडा." चौसष्ट माणसे आठ महिने टिकली ती आपल्या संशोधनाच्या ओढीने, असा आपला समज असल्यास अर्जदार तो मोडू इच्छित नाही.

एएलटी वाढले की यकृताच्या पेशी कुरकुर करीत आहेत, सीआरपी वाढले की अंगात कुठेतरी बारीक आग धुमसते आहे, हेही आम्हाला ताईंनीच समजावले. आपण समजावलेत तेव्हा सर्वांनी मान डोलावली होती, एवढेच.

३. आता मूळ मुद्दा. तिसऱ्या महिन्यात विभागाचा टेप मोडला. आत स्प्रिंग असलेला तो गोल टेप एकदा बाहेर आला तो परत आत जाईना. नवीन मागवण्यासाठी ताईंनी खरेदी विभागाकडे कागद पाठवला. खरेदी विभागाने तीन दुकानांचे दरपत्रक मागितले. एका टेपसाठी दरपत्रक द्यायला कोणतेही दुकान तयार होईना. त्या दिवशी रांगेत अठरा माणसे उभी होती. ताईंनी इकडेतिकडे पाहिले, आणि त्यांना अर्जदाराच्या गळ्यात टेप दिसला. "मास्तर, आजच्यापुरता द्याल का?"

अर्जदाराने लगेच काढून दिला. तो आजतागायत तिथेच आहे.

पण महोदय, कारागीर आपली चांगली कात्री आणि चांगला टेप सख्ख्या भावालाही देत नाही. अर्जदाराचा मापाचा टेप दुकानात, गल्ल्याच्या खणात, कुलपात असतो. गळ्यातला टेप शोभेचा. मास्तर म्हटले की गळ्यात टेप हवा, नाहीतर गिऱ्हाईक इस्त्रीवाला समजते. त्या टेपला पंधरा वर्षे झाली. धाकट्या मुलीने लहानपणी तोच धरून दोरीवरच्या उड्या मारल्या आहेत. त्याने कधी कोणाचे माप घेतलेले नाही, हे देण्याच्या क्षणी अर्जदाराच्या ध्यानातून गेले. खोटे का बोला, ध्यानात होते. पण हॉस्पिटलात टेपने असे काय मोठे मोजत असतील, असे वाटले.

४. त्या महिन्यापासून चमत्कार सुरू झाला. अर्जदाराची कंबर एकशे आठ सेंटिमीटरवरून एकशे पाचवर आली. अर्जदार चिठ्ठी घेऊन घरी गेला आणि पत्नीपुढे धरली. पत्नीने चिठ्ठी पाहिली, मग अर्जदाराला पाहिले, मग पुन्हा चिठ्ठी पाहिली आणि म्हणाली, "असेल बाई." या यशाच्या आनंदात अर्जदाराचे चालणे पाऊण तासावरून बेकरीपर्यंत आले. पुढच्या महिन्यात क्रीमरोल खाऊनही आकडा एकशे पाचच राहिला, तेव्हा आपली प्रकृतीच निराळी आहे अशी त्याची खात्री पटली. यकृत मात्र फसले नाही. अठ्ठावन्न असलेले एएलटी एकाहत्तर झाले.

बारीक झालेला अर्जदार एकटाच नव्हता. चौसष्टच्या चौसष्ट बारीक झाले. ज्यांना काही करू नका असे लेखी दिले होते तेही झाले. आपण बाहेरच्या भिंतीवर लावलेला आलेख आम्ही सर्वांनी अभिमानाने पाहिला आहे. दोन्ही गटांच्या रेषा एकाच महिन्यात, जिन्यावरून पाय घसरावा तशा, खाली आल्या होत्या. रक्ताच्या रेषा जिथल्या तिथे. कंबर घटूनही अंगातला दाह का घटत नाही, यावर आपण परिषदेत बोलणार आहात असे कळले आणि आमची छाती फुगली. तेवढीच काय ती खरोखर फुगली.

५. काकांनी अर्जदाराकडे तीन पँटी टाकल्या. "मास्तर, दीड इंच आत घ्या. आता मागे वळून बघायचं नाही." गिऱ्हाईक हॉस्पिटलचा आकडा घेऊन आल्यावर पुन्हा आपला टेप लावणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास, म्हणून अर्जदाराने न मोजताच आत घेतल्या. पुढच्या तपासणीला काकांनी वजनकाट्यावर पाय ठेवायला आणि मागची शिवण उसवायला एकच गाठ पडली. काका रुग्णालयाची चादर गुंडाळून थेट दुकानात आले. "मास्तर, तुमचा दोरा कच्चा की माझं नशीब?"

त्याच आठवड्यात अभ्यासातल्याच बेकरीवाल्याची आणि शाळेतल्या शिपायाची, अशीच आत घेतलेली पँट उसवली. नशिबाबद्दल अर्जदार काही बोलत नाही, पण दोऱ्याची बदनामी त्याला सोसवेना. त्याने कुलपातला टेप काढला आणि अभ्यासातली जी एकोणीस माणसे त्याची गिऱ्हाइके आहेत त्यांना एकेक करून दुकानात बोलावले. कोणीही बारीक झालेले नव्हते. मग अर्जदाराने दार लावून स्वतःला मोजले. एकशे नऊ.

शंका आली ती टेपचीच. रक्त द्यायच्या निमित्ताने तो आपल्या विभागात आला, आणि खोलीत कोणी नसताना जुना टेप लोखंडी पट्टीशेजारी ठेवला. पट्टी शंभर म्हणत होती तिथे टेप साडेशहाण्णव म्हणत होता. वर्षानुवर्षे ओढून ओढून कापड ताणले होते, आणि त्या ताणाने चौसष्ट माणसांच्या कंबरा कमी केल्या होत्या.

६. अर्जदार हे त्याच दिवशी सांगू शकला असता. सांगितले नाही. दुकानात माणसे हसतील, टेलरचाच टेप खोटा म्हणतील, पोटावर पाय येईल, या भीतीने तो दहा दिवस गप्प बसला. त्या दहा दिवसांत आपल्या आकडेवारीच्या साहेबांनी दोन्ही गट सारखेच कसे घसरले हे पकडले, आणि असे आकडे फक्त खुर्चीत बसून लिहिता येतात असा निष्कर्ष काढला. ताईंना नोटीस गेली. बनावट नोंदी. सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास करार संपुष्टात. ती मुदत येत्या मंगळवारी संपते.

ताईंनी खुलासा दिला, पण त्यात टेप कोणाचा हे लिहिलेच नाही. "विभागाबाहेरचा टेप वापरला, चूक माझी," एवढेच लिहिले. वॉर्डातल्या मावशींनी त्यांना विचारले, मास्तरांचे नाव का घेत नाही? त्यावर त्या म्हणाल्या, "मास्तरांचे आकडे चढतायत. नाव घेतलं तर त्यांना अभ्यासातून काढतील, आणि बाहेर गेले की ते कुठली तपासणी करणार? त्यांच्या लिव्हरकडे आत्ताच बघायला हवं."

महोदय, त्या बाईंनी स्वतःची नोकरी माझ्या यकृतासाठी पणाला लावली. माझ्या, क्रीमरोल खाणाऱ्या माणसाच्या. (येथे "अर्जदाराच्या" असे वाचावे. लिहिण्याच्या भरात चुकले.) हे कळल्यापासून अर्जदाराला घास गोड लागत नाही, आणि आठ महिन्यांत आपल्या विभागाला जे जमले नव्हते ते असे जमले आहे.

७. सबब विनंती की :

(अ) ताईंची नोटीस मागे घ्यावी. त्यांनी प्रत्येक माप दोनदा आणि प्रामाणिकपणे घेतले. खोटा टेप होता, त्या नव्हत्या.

(आ) जुना टेप आपल्याच विभागात आहे, तो लोखंडी पट्टीशेजारी ठेवून पाहावा. तो सर्व मापांत सारखाच खोटा बोलला असल्याने, प्रत्येक आकडा किती वाढवला की खरा होईल हे आपले आकडेवारीचे साहेब काढू शकतील. तिसऱ्या महिन्यापासूनच्या नोंदी फेकू नयेत. पडताळ्यासाठी अर्जदाराच्या मापवहीतली एकोणीस पाने त्या त्या माणसाच्या संमतीने जोडली आहेत. त्यांतल्या गाणे शिकवणाऱ्या बाईंची अट एवढीच की त्यांचे पान मोठ्याने वाचू नये.

(इ) अभ्यासातून कोणाला काढायचेच असेल तर क्रमांक ४७ ला काढावे. अर्जदार आपल्या यकृताचे बाहेर बघून घेईल. कालपासून तो पाऊण तास चालतो आहे, आणि बेकरी लागू नये म्हणून उलट्या दिशेने जातो.

८. हा अर्ज धमकी समजू नये, केवळ माहिती समजावी. येत्या मंगळवारी सकाळी आम्ही सव्वीस सहभागी आपल्या बाकांवर येऊन बसणार आहोत, चालणारे आणि न चालणारे दोन्ही. रक्त देऊ, वजन देऊ, यकृताचा फोटो काढू देऊ. कंबर मात्र ताई आल्याशिवाय कोणालाही मिळणार नाही. रक्ताच्या तपासणीसाठी आपण आम्हाला बारा तास उपाशी राहायला सांगताच. बारा तास आम्ही संशोधनासाठी राहू. तेराव्या तासापासून पुढचे सगळे ताईंसाठी. साखरेची गोळी चालू असणाऱ्यांना तेरावा तास माफ केला आहे, कारण असे कोणी हट्टाने उपाशी बसले तर ताईच आम्हाला रागावतील. बाकीचे बसून राहू. आमच्यासारख्यांनी जेवण सोडले म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे, हे इतर कोणत्याही विभागाला समजावून सांगावे लागले असते. आपल्याला नको.

आपला नम्र, व मंगळवारी उपाशी,

(सही)
सहभागी क्रमांक ४७

दिनांक : शनिवार, दुकान लवकर बंद करून