आधी आवाज, मग नारळ

लिहून ठेवणार: श्रीमती गोजरा मानसिंग जगदाळे, वय अठ्ठावन्न, पूर्वीचा व्यवसाय बालवाडी शिक्षिका, हल्ली शिवणकाम, राहणार माथाडी वसाहत, कोपरखैरणे, नवी मुंबई, मूळ गाव तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा.

माझी बुद्धी शाबूत आहे. मधुमेहाने पाय गेले तरी हात चालतो, म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कुणी लिहायला सांगितलेले नाही. याआधी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. वसाहतीतील राहती खोली माझे यजमान कै. मानसिंग यांच्या नावे होती. त्यांच्या पश्चात, सन १९९६ मध्ये, ती माझ्या नावे झाली. माझ्यामागे ती माझी एकुलती एक मुलगी राजलक्ष्मी हिची. सोसायटीने तिच्या नावे दाखला करून द्यावा.

ही खोली आम्हाला नानांमुळे मिळाली. नाना म्हणजे आमचे कामगारपुढारी, आमदार जयाजीराव काटकर. यजमान बाजारात कांद्याची पोती वाहत. पाठीवर पोते घेणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पक्के छप्पर पाहिजे, असे नाना सरकारात भांडून भांडून सांगत. ते नसते तर आम्ही दिघ्याच्या झोपडीतच राहिलो असतो. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नानांचे उपकार मी विसरले असे लोक म्हणतात.

कलम २. माझे हाताने फिरवायचे शिवणयंत्र व पोस्टातील शिल्लक राजलक्ष्मीचीच. बालवाडीतील पाट्या, मण्यांची पाटी व रंगीत चित्रे माळ्यावर ट्रंकेत आहेत. ती शिरवण्याच्या शाळेत द्यावीत, वसाहतीच्या बालवाडीत देऊ नयेत. तिथे मी नऊ वर्षे मुलांना शिकवले. कोर्टात माझी साक्ष झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी संघटनेचे दोघेजण आले आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून नका येऊ. आया पोरं धाडायला तयार नाहीत." तो राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी सोबत नेणार आहे.

कलम ३. ट्रंकेतच लाल फडक्यात कोर्टाच्या नकला आहेत: यजमानांची साक्ष आणि माझी. त्या राजलक्ष्मीने घ्याव्यात आणि एकदा तरी दोन्ही वाचाव्यात. वर्तमानपत्रांनी त्या वेळी सबंध महाराष्ट्राला सांगितले, "नवरा-बायको आमनेसामने." मला काय दिसले ते माझ्या मुलीने मात्र कधी विचारले नाही, म्हणून इथे लिहिते.

मार्च १९८८. बाजाराच्या नव्या गाळ्यांचे उद्घाटन होते. मी औक्षणाचे ताट घेऊन मंचाच्या पायरीशी उभी होते. माझ्या डाव्या हाताला शिरवण्याचा पदाजी भोईर उभा होता. ज्यांच्या जमिनी बाजारासाठी गेल्या त्या गावकऱ्यांच्या वतीने तो नानांना शाल-नारळ द्यायला आला होता. तबक त्याने दोन्ही हातांनी धरले होते. ते जड होते आणि सारखे कलत होते, म्हणून माझे लक्ष गेले. नाना ओवाळून घ्यायला वाकले. आधी आवाज झाला, मग पदाजीच्या तबकातून नारळ पडला. नाना माझ्या ताटावर कोसळले. कुंकू कुठले आणि रक्त कुठले ते मला कळेना.

यजमान लांब, ट्रकच्या फाळक्यावर चढून पाहत होते. त्यांनी पदाजीचा उजवा हात वर गेलेला पाहिला आणि हातात पिस्तूल पाहिले.

लोकांनी पदाजीला जागीच धरले. पिस्तूल कनातीखाली सापडले. सन १९९० मध्ये ठाण्याच्या सत्र न्यायालयात एकतीस साक्षी झाल्या. कुणी एक मारेकरी पाहिला, कुणी दोन; कुणाला शर्ट पांढरा दिसला, कुणाला निळा. पण मंचाखाली अगदी जवळ होते ते मी, आणि फाळक्यावरून स्वच्छ दिसले ते यजमानांना.

साक्षीच्या दिवशी सकाळी डबा भरताना यजमान म्हणाले, "तू नुसतं आठवत न्हाई म्हण. खोटं बोल असं कुठं म्हणतोय मी?"

मी म्हणाले, "अहो, मला आठवतंय ना पण."

"नानांचं मीठ खाल्लंय आपण."

"त्या पोराला फाशी होईल."

डबा त्यांनीच उचलला.

सरकारी वकिलांनी विचारले, चष्मा वापरता का? मी म्हटले, सुईत दोरा ओवताना. शालीखाली काय होते ते दिसले का? म्हटले, नाही. पण दोन्ही हात तबकाला होते. मागच्या बाकावर यजमान खाली मान घालून बसले होते. परतताना एकाच एस.टी.त बसलो. ते पुढे, मी मागे.

पदाजी संशयाचा फायदा मिळून सुटला. दुसरे कुणी कधी सापडले नाही.

कलम ४. राजलक्ष्मी, हे कलम तुला. तुझी सुपारी फुटली होती, साखरपुड्याची तारीख धरली होती. मुलाच्या वडिलांनी निरोप पाठवला की, नानांच्या मारेकऱ्याला सोडवणारीची मुलगी आम्हाला नको. तू एवढेच म्हणालीस, "आई, तुला गप्प बसता आलं नाही?" तू तळोज्याच्या कारखान्यात लागलीस, तिकडेच खोली घेतलीस, दिवाळीला येतेस आणि जेवून जातेस. माझे सोन्याचे डोरले व पाटल्या तुझ्या लग्नासाठी ठेवल्या होत्या, त्या तुलाच. घाल किंवा मोड. तुझे नुकसान माझ्या बोलण्याने झाले, हे मी इथे कबूल करते. पुन्हा विचारले तर मी तेच सांगेन, हेही लिहिते. या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवून मी आठ वर्षे जगले.

कलम ५. पदाजीची आई सखूबाई भोईर हयात असल्यास राजलक्ष्मीने तिला एकदा या खोलीत बोलवावे, पलंगावर बसवून चहा द्यावा. निकालानंतर ती सुक्या जवळ्याची टोपली घेऊन दारात आली होती. म्हणाली, "बाय, तुजेमुलं माजा पोर घरा आला." आत यजमान होते. मी तिला आत ये म्हणाले नाही. टोपलीही घेतली नाही. ती जिना उतरेपर्यंत मी दार धरून उभी होते.

कलम ६. यजमानांचे धोतर-फेटे, पोती उचलायचा हूक व संघटनेचा बिल्ला त्यांच्या गावी दिराकडे पाठवावा. त्यांच्याविषयी एक गोष्ट कुणाला ठाऊक नाही. निकालानंतर ते माझ्याशी कामापुरतेच बोलत. पण बाजारात कुणी मला नावे ठेवली तर ते तिथून उठून जात. शेवटच्या आजारात एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. ते म्हणाले, "गोजरा, त्याचे दोन्ही हात खरंच तबकाला व्हते?"

"होते."

"मला पिस्तूल दिसलं. आजूनबी दिसतं."

"माहीत आहे मला."

"म्हंजे तूबी खोटं बोलली न्हाईस आन् मीबी न्हाई."

"नाही."

ते म्हणाले, "मग नानांना मारलं कुणी?"

मी त्यांचे तोंड पुसले. त्यानंतर पाच दिवसांनी ते गेले.

कलम ७. माझे दहन इथेच करावे. संघटनेला कळवू नये. कुणी आपणहून आले तर परत पाठवू नये. भिंतीवर यजमानांचा फोटो आहे. त्याच्या शेजारी माझा लावायचा की नाही, ते राजलक्ष्मीने ठरवावे. त्याबाबत मी तिला लिहून बांधत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: गोजरा मानसिंग जगदाळे
ठिकाण: कोपरखैरणे, नवी मुंबई
दिनांक: ९ ऑगस्ट १९९८

साक्षीदार: वरील मजकूर आम्ही वाचलेला नाही. गोजराबाईंनी सही केली ती आम्ही दोघांनी समोर बसून पाहिली, आणि त्यांच्यासमोरच आमच्या सह्या केल्या.

१) सुधीर वामन केळुसकर, नोकरी, शेजारी
२) प्रेमला दत्ताजी शिर्के, घरकाम, शेजारी