रूपाच्या लग्नाचे फोटो मीच काढणार

४ मे, सोमवार. पहाटे.
रात्रभर झोपले नाय. डोळा लागला की दचकून उठायचे अन् आमू जाग्यावर हाय का चाचपायचे. शेवटी तिच्या पायाला माझी ओढणी बांधली.
कारण सासू. काल जेवताना सगळ्यांसमोर हुकूम सोडला. तिच्या पोरीचं, रूपाचं, लग्न सतरा तारखेला हाय. फोटो मी काढायचे. नीट आले तर घरी राहून हाच धंदा करायचा. नाय आले तर कॅमेरा इकायचा, मी वाळूजला कंपनीत लागायचं, अन् आमूला ती गावाकडं घेऊन जाणार. आमू माझी पोर, सवा वर्षाची हाय, अजून अंगावर पिते. आमूचे पप्पा मान खाली घालून भाकर कुस्करत होते. त्यांना मी माणसात धरत नाय.
घाबरले नाय. फक्त झोप आली नाय.
कॅमेरा नवा हाय, मिररलेस. माझं गंठण मोडून घेतलाय. शाळा सातवीपर्यंत झाली, पण बटण दाबायला शाळा लागत नाय. पुंडलिकनगरात अर्ध्या बायांच्या स्टेटसला मीच मोबाईलवर काढलेले फोटो असतेत. हे तर त्याच्याहून सोपं.

५ मे.
दादा आला. संघपालदादा, माझा सख्खा भाऊ. गारखेड्यात त्याचा फोटो स्टुडिओ हाय, म्हणून स्वतःला लई शहाणा समजतो. कॅमेरा असा फिरवून फिरवून बघितला जसं बाजारात बैलाचे दात बघायलाय. म्हणला, विशू, चांगला हाय, पण नव्या कॅमेऱ्यावर पहिलंच काम लग्नाचं घेऊ नको, आधी दोन-चार बारशी काढ. नायतर मी माझा जुना घेऊन कोपऱ्यात उभा राहतो, कुणाला कळणारबी नाय.
मी म्हणलं, "दादा, जळायलास व्हय?"
चहा न पिता गेला. लग्नाला पाव्हणा म्हणून ये अन् रिकाम्या हातानं ये, असं जिन्यातून सांगितलं. खालच्या काकूनं दार उघडून ऐकलं. ऐकू दे.
ठरलं: काहीबी होऊ दे, दादाला फोन करायचा नाय.

७ मे.
आमू झोपलेली असताना सराव केला. टक्क आवाज झाला की उठायली. म्हणून आवाजच बंद करून टाकला. फोटो निघतो पण कळतबी नाय. जुन्या कॅमेऱ्यात आतला आरसा दर वेळेला फटकन वर जातो, यात आरसाच नाय. हे दादाला माहीत असल का? विचारणार नाय.
बॅटरी मात्र भस्मासुर हाय. चार्जरवरून सासूचा फोन काढून माझी बॅटरी लावली, तर संध्याकाळपर्यंत बोलणे.

९ मे.
गुलमंडीला गेलो, नवरीची पांढरी साडी घ्यायला. रूपा, सासू, मी अन् आमू. म्हणलं गर्दीत कॅमेरा बघावा. माणसाच्या तोंडावर हिरवा चौकोन येतो, ज्याच्यावर चौकोन तो साफ येतो, बाकीचं धुरकट. चौकोन रूपाला सोडून दुकानातल्या प्लास्टिकच्या बाहुलीवर जाऊन बसला. परत केलं, परत बाहुली. जागा बदलली, तर दुसरी बाहुली.
रूपा म्हणली, "वहिनी, असं करा, प्रणयला या बाहुलीसंगंच उभं करा."
प्रणय म्हणजे तिचा नवरदेव. दुकानदार हसला. नणंद कसली, इंगळी. तिची चूक हाय, तोंड हलवती. बाहुली कशी गप उभी होती.

१० मे.
इलाज सापडला. कॅमेऱ्यात हिंदी हाय. त्यात एक जागा हाय, तिथं माणसाचा चेहरा दर्ज करून ठेवायचा. मग गर्दीतबी कॅमेरा त्याच माणसाला धरतो, दुसऱ्या कुणाला विचारत नाय. रूपाचा चेहरा घ्यायला गेले तर तोंडाला मुलतानी माती. म्हणून नुसतं बघावं म्हणून आमूचा घेतला.
काय सांगू. आमू पडद्याआडून डोकावली, चौकोन आमूवर. पलंगाखालून निघाली, आमूवर. सासूच्या पदरातून अर्धं तोंड, तरी आमूवर. आईलाबी एवढं जमत नाय.
उद्या रूपाचा अन् प्रणयचा चेहरा घेणार, म्हणजे नवरी-नवरदेव पक्के.

१२ मे.
रूपानं ब्लीच केलं. तोंड टोमॅटो. उद्या घेऊ.

१४ मे.
रूपाशी भांडण. माझ्या फोटोत तिची मान जाड दिसती म्हणे. मी म्हणलं कॅमेरा खोटं बोलत नाय. आता तोंड दाखवणार नाय म्हणली. नको दाखवू, मलाबी हौस नाय.
प्रणय जालन्याला. त्याला व्हिडिओ कॉलवर समोर उभं केलं अन् फोनवरून चेहरा घ्यायला बघितला. पोरगा फोन नाकाखाली धरतो. नाकपुड्या दर्ज करता येत नायत.

१६ मे.
हळद. रूपाचं तोंड पिवळंजर्द. राहू दे आता. उद्या पार्लरवाली एवढं थापणार हाय की जन्मदाती ओळखणार नाय, कॅमेऱ्याला कशाला कोड्यात टाकायचं. त्याला स्वतःची अक्कल हाय.
मोबाईलवर एका व्हिडिओत सांगितलंय, लेन्सचा आकडा सगळ्यात कमी ठेवला की मागचं पुसट होतं, सिनेमासारखं. तसाच ठेवलाय.
सासू आमूला मांडीवर घेऊन गावाकडच्या शेळीची गोष्ट सांगायली. आतापासूनच. बरंय, उद्या दिवस माझा हाय.

१७ मे, रविवार. सकाळी, हॉलवर.
बॅटऱ्या भरल्यात. साडी नाय नेसले, ड्रेस घातला, पळता यावं म्हणून. सासूच्या भावकीनं नाकं मुरडली. दादा आलाय, रिकाम्या हातानं, पहिल्या ओळीत बसलाय. बघ म्हणावं.

१७ मे. दुपारी, जेवणानंतर.
झालं. जिंकले.
भंतेजींनी त्रिशरण पंचशील दिलं, हार घातले, फुलं पडली, सगळं काढलं. एकच भानगड, आवाज नसल्यामुळं लोकांना फोटो निघाल्याचं कळंना. दात काढून तसेच उभे. प्रणयचा मामा दर वेळेला म्हणायचा, काढला का वो ताई. मी म्हणायचे, कवाच. तरी त्याचे दात आत जाईनात. मागची लाईन शिव्या द्यायली.
आमू माझ्याकडं यायला रडायली. सासूनं तिला कडेवर घेतलं अन् नवरीची आई म्हणून स्टेजवर मागं उभी राहिली ती हललीच नाय. म्हणलं बरंच झालं, माझे हात मोकळे.
कॅमेऱ्याच्या बारक्या पडद्यावर सगळे फोटो बघितले. फर्स्टक्लास. दादा ताट घेऊन जवळ आला, म्हणला एखादा मोठा करून दाखव. मी म्हणलं, जिलबी खा.
आता कंपनी नाय, गाव नाय. आमू माझ्यापाशी. आज झोपणार.

१९ मे, मंगळवार. दुपार.
रूपा अन् प्रणय परतणीला आलेत, संध्याकाळी जालन्याला जाणार. सगळ्यांना फोटो टीव्हीवर बघायचेत. लोक जेवत होते तोवर मी एकटीनं लावून बघितले.
हार घालताना रूपा-प्रणय म्हणजे धुक्यात ठेवलेली दोन पांढरी गाठोडी. मागं आमू, पापणी न् पापणी दिसायलीय. मेणबत्ती लावताना आमू. फुलं टाकताना आमू. प्रणयच्या मामाचे दातबी पुसट, आमूचे दोन दात लख्ख. अन् आमू सासूच्या कडेवर, म्हणून सासूबी लख्ख. नथ, पदराचा काठ, सगळं. रूपाच्या लग्नात एवढी चांगली सासूच दिसायली.
अन् आमू हसायलीय. सगळ्या फोटोत, सासूच्या गळ्यात हात घालून. रडताना एक नाय. गावाकडं पोर राहील का, असं आता कुणी विचारणारच नाय. मीच काढून ठेवलंय.
चूक रूपाच्या तोंडाची हाय. रोज नवा लेप.
कार्ड काढून घेतलं अन् आमूला उचलून स्वयंपाकघरात कडी लावून बसलेय. कार्ड गरम झालंय, गार होऊ द्या, असं आतून सांगितलं. सासू म्हणली, "भाकर हाय का ती?" प्रणय हसला. आमूचे पप्पा दार वाजवायलेत, हळू, त्यांच्या सवयीनं. सासू वाजवील तेव्हा कडी टिकणार नाय. आमूला आजीचा आवाज आला की दाराकडं रांगायली. दोनदा ओढून आणली.
फोन बाहेर राहिला, टीव्हीपाशी.
ही वही मी खिडकीतून बोळात टाकायलीय. ज्याला घावल त्यानं माझ्या भावाला फोन करावा. संघपाल, गारखेड्यात स्टुडिओवाला, नंबर पुठ्ठ्यावर लिहिलाय. म्हणावं, जुना कॅमेरा घेऊन ये, पाव्हणे जालन्याला निघायच्या आत. पांढरे कपडे अजून बॅगेतच हायत, हार परत घालायला लावू. मला कोपऱ्यात उभं केलं तरी चालल.
विशूनं सांगितलं का, असं तो विचारल. नाय म्हणावं.
मग बी इचारल. मग व्हय म्हणावं. पण फोन करा.