उडून गेलेलं पेट्रोल

आई, पेट्रोल उडून कुठे जातं ते आज मी पाहिलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी साकेत नगरला घरी येताना रिक्षात मी हे सगळं मनात तुलाच सांगत होते. आल्याआल्या चहासुद्धा न टाकता लिहायला बसलेय.

टाउनशिपमधल्या आपल्या क्वार्टरमध्ये थंडी संपत आली की तू रेशमी साड्या आणि बाबांचा लग्नातला कोट बाहेर काढायचीस. अशोका गार्डन भागातला ड्रायक्लीनर जरीचे काठ काळे पाडतो, ही तुझी कायमची तक्रार. मग घरीच धुवायला बाबा पंपावरून डबाभर पेट्रोल आणायचे. स्टोव्ह विझवून, मागच्या अंगणात तू घमेल्यात साडी बुडवतेस. मी उंबऱ्यावर, पुढे यायची मला परवानगी नाही. साडी दोरीवर पडते, उन्हात बघता बघता सुकते.

"आई, पेट्रोल कुठे गेलं?"

"उडून गेलं."

"उडून कुठे?"

"हवेत. उडालं म्हणजे संपलं. आता वास घेत उभी राहू नकोस, आत जा."

मला ते पटेना. पुढच्या वर्षी तुझी पाठ वळताच मी लोणच्याची रिकामी बरणी घमेल्यावर उपडी धरली, झाकण लावलं आणि उन्हात ठेवली. तू पाहिलंस आणि पाठीत असा धपाटा घातलास! "घर पेटवायचंय का?" रात्री जेवताना मात्र विचारलंस, "काय पकडणार होतीस त्यात?" मी म्हटलं, उडालेलं पेट्रोल. बाबा हसले, तू हसली नाहीस. सकाळी तीच बरणी घासूनपुसून माझ्या टेबलावर होती. "पाणी पकड, हवा पकड. पेट्रोल नाही."

आता आमच्या संस्थेच्या गच्चीवर खोलीएवढी पारदर्शक पिशवी आहे. माझ्या विद्यार्थिनीचं सगळं संशोधन तिच्यावर अवलंबून. एकदा लंगुरांनी ती फाडली, एकदा ऐन वेळी आभाळ भरून आलं. काल पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, इस बार भी नहीं हुआ तो मैं टॉपिक बदल लूँगी." आज आम्ही पिशवीत स्वच्छ हवा भरली, पेट्रोलची वाफ सोडली, आणि उन्हात क्रिया सुरू व्हायला लागणाऱ्या वायूंसाठी स्कूटरचा थोडा धूर, पण असा गाळून की त्यात काजळीचा एक कण राहू नये. कण मोजणारं यंत्र शून्य दाखवत होतं. वरचं काळं कापड काढलं, ऊन आत शिरलं. कितीतरी वेळ काहीच नाही. पोरीने जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. आणि मग ती किंचाळलीच, "मॅडम, बढ़ रहा है!" एक आकडा वाचेपर्यंत पुढचा! पुन्हा कापड ओढून आम्ही हिरवा लेझर सोडला. सकाळी पिशवीत न दिसणारा त्याचा किरण आता कणांमुळे दोरी ताणल्यासारखा लख्ख दिसत होता.

संपत नाही गं ते! उन्हात हवेतला ऑक्सिजन त्या वाफेला हळूहळू चिकटत जातो, तिचे रेणू जड होतात, मग वाफ होऊन तरंगणं त्यांना जमत नाही आणि ते एकमेकांना धरून कण बनतात. आग नाही, काजळी नाही, आणि स्वच्छ हवेत कण! दुपारी टेकड्या पुसट दिसायच्या तेव्हा आपण सगळं धुळीवर ढकलायचो. त्यात थोडं हेही असणार, गाड्यांचं, पंपांचं, आणि चिमूटभर तुझ्या साड्यांचंसुद्धा. तू हे ऐकून म्हणाली असतीस, "म्हणजे आता माझ्यामुळे का?" आणि आपण तासभर भांडलो असतो. काय मजा आली असती!

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आकडा वाढताना पाहून मी "आई!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले की पोरगी यंत्र सोडून धावत आली. "क्या हुआ? लगी क्या?" मी म्हटलं, हो, पाय मुरगळला. तिने मला खुर्चीत बसवलं, खाली बसून घोटा चोळला, आणि मीही गुपचूप चोळून घेतला. पायाला काहीच झालं नव्हतं, आई.