कुंकू लावलेला फोन

प्रिय कुसुम,

काल उधव्याच्या एका पाड्यावर, बाळाच्या पाचवीच्या पूजेत, मी एका मोबाइल फोनला हळदकुंकू लावलेले पाहिले. परतीच्या एस.टी.त बसलो आणि ठरवले, की हे प्रथम तुलाच लिहायचे. अन्य कोणाला सांगितले असते तर तो हसला असता. तू हसण्याआधी विचारले असतेस, "अहो, बाळंतीण कशी आहे?"

बाळंतीण बरी आहे. तुझ्या जानीबाईची सून, संगीता. जानीबाईच्या ज्या रमेशला तू त्याच घरात, कंदिलाच्या उजेडात जगात आणलेस, तो आता उंबरगावच्या कारखान्यात कामाला जातो. हे मूल त्याचे. जरा आधीच, रुग्णालयात जन्मले, म्हणून पाचवीही घरी आल्यावर उशिरा केली; वजनाने कमी आहे, पण आवाज खणखणीत. मात्र हे सगळे असे सरळ घडले नाही, आणि म्हणूनच हे पत्र.

तू गेल्यानंतर एक नवे यंत्र आले आहे. ते फोनमध्ये राहते आणि बोलते. काहीही विचारा, क्षणात उत्तर देते. मराठीतही देते आणि, नवल म्हणजे, त्याचे व्याकरण बहुधा निर्दोष असते! आरंभी मी तेथेच फसलो. ज्याची वाक्यरचना शुद्ध, त्याचा विचारही शुद्ध असणार, हा माझा जन्माचा समज. तो समज मी वर्गात किती पिढ्यांना दिला असेल!

मग एके दुपारी मी त्याला तुझ्याविषयी विचारले. तलासरी तालुक्यात परिचारिका म्हणून नोकरी केलेल्या कुसुमताई कोण होत्या? त्याने सांगितले, की तुझा जन्म साताऱ्याचा आणि तुला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला होता. मी लिहिले, "चूक. तिचा जन्म डहाणूचा." ते तत्काळ म्हणाले, की आपले म्हणणे अगदी बरोबर आहे, क्षमस्व. मी मुद्दाम लिहिले, "नाही, माझीच चूक झाली, साताराच बरोबर." तर त्यालाही ते म्हणाले, की आपले म्हणणे अगदी बरोबर आहे! एवढ्या सहजतेने माहेर बदलणारी स्त्री मी पाहिलेली नाही. त्या दिवसापासून मला त्याचा संशय येतो. उद्धट माणसाचा येत नाही इतका या नम्र यंत्राचा येतो.

हे लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे, असे मी मनाशी ठरवले. डहाणूच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात व्याख्यान दिले. प्रास्ताविक, विषयप्रवेश, विवेचन, उपसंहार, सर्व यथास्थित. हे यंत्र जाणत नाही, केवळ पुढे कोणता शब्द शोभेल ते जुळवते. म्हणून त्याचा आत्मविश्वास हा ज्ञानाचा पुरावा मानू नये, असे सांगितले. टाळ्याही मिळाल्या. मग आपले चिकूवाले नटूभाई उठले. त्यांनी विचारले, ते सगळे ठीक, पण यातले चांगले कुठले घ्यायचे? मी म्हणालो, "न येणारी गोष्ट येत नाही असे जे सांगेल, ते घ्या." यावर ते हसत म्हणाले, "माट्साब, तुम्ही तरी कधी बोलले काय, मला येत नाय म्हणून? मग त्या मशीनलाच कशाला बोलता?"

सगळे मंडळ हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते वाक्य पायातल्या काट्यासारखे बोचत राहिले.

उधव्याच्या अंगणवाडीताईंनी बोलावले ते त्यानंतर. बायकांना फोनमधल्या खोट्या गोष्टींविषयी चार शब्द सांगा, म्हणाल्या. मी तेच व्याख्यान घेऊन गेलो, किंचित लहान करून. तू असतीस तर रस्त्यातच थांबवले असतेस. तू एकच गोष्ट दवाखान्यात डॉक्टरांना एका रीतीने सांगायचीस, बाजारात गुजरातीत दुसऱ्या रीतीने आणि पाड्यावर बायकांच्या शेजारी बसून तिसऱ्याच. मला ती विद्या का दिली नाहीस? मी वाक्ये बांधीत होतो आणि समोरच्या बायका आदराने माझ्याकडे पाहत होत्या. तो आदर मला चांगला ओळखू येतो. न समजलेल्या श्लोकालाही माणसे अशीच हात जोडतात.

व्याख्यान संपले तेव्हा जानीबाई मला घरी घेऊन गेली. संगीता ओटीवर खांबाला टेकून बसली होती. पोटात आठवा महिना. पाय सुजलेले होते, पण माझी नजर तिच्या चेहऱ्यावर गेली. डोळ्यांभोवती सूज होती, बोटे फुगली होती. मी वैद्य नाही, पण नर्सबाईचा नवरा आहे. जेवताना तू दिवसभराचे सांगायचीस, त्यातले एक वाक्य मला तोंडपाठ आहे: गरोदर बाईचे पाय सुजले तर पाहू म्हणा, तोंड सुजले तर गाडी पाहा.

मी रमेशला विचारले, हिला दाखवले का? तो सुट्टीवर घरी होता. म्हणाला, "विचारलं ना गुरुजी, फोनला. पाय सुजतात म्हणतो सगळ्यांचे. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सेम आलं."

तीनदा! कुसुम, हा आकडा कोठून आला ते तुला लगेच कळले असेल. भगत तांदळाचे दाणे टाकून कौल पाहतो तेव्हा तीनदा तेच उत्तर आले, की तो पक्का. रमेशने फोनला कौल लावला होता. मी तो फोन मागून वाचला. प्रत्येक वेळी एकच प्रश्न होता: बायकोचे पाय सुजले आहेत, सगळे ठीक आहे ना?

चेहऱ्याचे लिहिले नव्हते. मी संगीताला विचारले, तेव्हा ती हळूच म्हणाली, की डोके फार ठणकते आणि मध्येच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तेही लिहिलेले नव्हते. मी रमेशला विचारले, का नाही लिहिलेस?

उत्तर जानीबाईने दिले. "कौल घेताना अभद्र तोंडातून काढायचं नाय, गुरुजी. बोललं का तसंच होतं."

तू कित्येक वर्षे या एका रीतीशी भांडलीस, नाही का? ज्या बाईला सर्वांत जास्त भीती वाटते ती सर्वांत कमी बोलते, असे तू सांगायचीस. देवापुढे ही रीत एक वेळ चालेल. देवाला न सांगितलेलेही कळते, अशी श्रद्धा तरी आहे. पण या यंत्राला जेवढे सांगितले तेवढेच माहीत. आणि प्रश्नातच "ठीक आहे ना" असले, तर त्याचा कल होकाराकडेच.

मी व्याख्यान विसरलो. ओटीवर खाली बसलो आणि रमेशच्याच फोनवर, सर्वांना ऐकू जाईल असे वाचत, उलटा प्रश्न लिहिला: बायकोचा चेहरा सुजला आहे, डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हे धोक्याचे आहे ना? फोन म्हणाला, होय, हे धोक्याचे असू शकते, विलंब न करता रुग्णालयात जा.

मी म्हणालो, "जानीबाई, भगताने सकाळी एक कौल दिला आणि दुपारी उलटा, तर काय समजशील?"

तिने सुनेचा सुजलेला हात हातात घेतला. मग म्हणाली, "दाणे खोटे."

"मग दाणे सोड. गाडी बोलव."

शेजारच्याची रिक्षा निघाली. तलासरीच्या सरकारी रुग्णालयात रक्तदाब पाहताच डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी लागलीच रुग्णवाहिकेतून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवले. उशीर केला असता तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतले असते, असे तेथे सांगण्यात आले. मी बाहेर बाकावर बसून होतो. रमेश माझ्या शेजारी होता आणि त्याच्या हातात तो फोन तसाच होता. त्याच वेळी मी त्याच्याशी नीट बोलायला हवे होते. पण घाबरलेल्या माणसाला काय शिकवावे?

म्हणून काल जे पाहिले ते पाहिले. सुपात तांदूळ, विळा, नारळ आणि त्यांच्या शेजारी फोन, काचेवर कुंकवाचे बोट. मी रमेशकडे पाहिले. तो मनापासून म्हणाला, "शेवटी त्यानंच बरोबर सांगितलं ना, गुरुजी! नायतर आम्ही बसून राहिलो असतो."

सांग, याला काय म्हणावे? ज्या यंत्राने तीनदा घरी बसवले, त्याचीच पूजा! आणि चौथे उत्तर बरोबर आले, कारण या वेळी प्रश्नात भीती होती. ती आमची होती. प्रश्नातले काजवे संगीताचे होते, सुजलेल्या चेहऱ्याची खूण तुझी होती. त्याने केवळ मान डोलावली. पण दाणे खोटे म्हणणारी जानीबाईसुद्धा त्या सुपापुढे हात जोडून बसली होती.

मी ओठ उघडले आणि मिटले. मंगल प्रसंग, घरात ओली बाळंतीण, अभद्र कसे बोलावे? होय कुसुम, मीसुद्धा! तीच रीत मी पाळली, आणि तीही अशा ठिकाणी, जेथे ती पाळायला नको होती. तेवढ्यात शेजारची एक सून आली, तिचेही पोट दिसू लागलेले. तिने लाजत रमेशला सांगितले, "माझंपण विचार ना त्याला. सगळं ठीक आहे ना, असं."

रमेशने कुंकू पुसून फोन उचलला. मी त्या मुलीला म्हणालो, आधी नर्सबाईंना दाखव. ती म्हणाली, "हो गुरुजी," आणि फोनकडे पाहत राहिली. तोच आदर, जो मला ओळखू येतो.

रात्रभर मला ती मुलगी दिसत होती. तिचे नावही मी विचारले नाही.

म्हणून तुला हे वचन देतो. गुरुवारी तुझ्या जागेवरच्या नवीन नर्सबाई त्या पाड्यावर जातात. मी त्यांच्याबरोबर जाईन. व्याख्यान नेणार नाही. रमेशच्या ओटीवर, जमिनीवर बसेन आणि त्याच्याच फोनवरचे ते चारही प्रश्न सर्वांना क्रमाने वाचून दाखवीन, त्याला वाईट वाटले तरी. मग त्या मुलीला, नाव विचारून, सांगेन, की जे सांगायची भीती वाटते तेच पहिले सांग. फोनला नव्हे, या बाईंना, ज्या तुझ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहतील. आणि बायका मला आणखी काही विचारतील, विचारणारच, आणि ते मला येत नसेल, तेव्हा पाड्यावर तू म्हणायचीस तेच वाक्य म्हणेन: "मला नाय माहीत. विचारून सांगतो."

त्यातला "नाय" मी दुरुस्त करणार नाही. नटूभाईंनाही कळव, म्हणशील; कळवीन.

ज्याला तू जन्मभर नुसते "अहो" म्हणालीस, तो
तुझा विनायक