रेकॉर्ड विरते त्याच्यापुढचं

आई, तुला हे लिहायचं मी पाच रविवार ढकलतोय. पहिल्या रविवारी पेन नव्हतं, दुसऱ्या रविवारी पेन होतं तर मी लालबागला एका मित्राच्या टेम्पोतून मिरच्यांच्या गोण्या उतरवत होतो आणि दिवसभर शिंकत होतो. बाकीच्या तीन रविवारांना कारण नाही. भीती वाटत होती, एवढंच. आज नायगावच्या हॉलमध्ये वरच्या मजल्यावर बसलोय. समोर तुझा कीबोर्ड आहे, त्याच्या मधल्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात पण आवाज अजून खणखणीत. मामा आणि गायन पार्टीची माणसं वायरी जोडतायत, कॅमेरावाला यायचाय. तासाभरात तुझा पीस शूट होणार, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी मोबाइलवर चढणार, आणि खाली लिहिलं जाणार, संगीत, आणि पुढे तुझं नाव. मामाने ते नाव कॅमेरावाल्याला फोनवर दोनदा स्पेलिंगसकट सांगितलंय. म्हणून मला आधी कुणाला तरी सांगायलाच पाहिजे. मामाला सांगायची छाती होत नाही, म्हणून तुला.

तर ऐक. तुला माझं माहितीय, सरळ रस्ता असला की मला बाजूची गल्ली दिसते. पारशी कॉलनीत एक पार्सल द्यायला गेलो होतो (सध्या पार्सलं पोचवतो, त्याआधी मंडपवाल्याकडे होतो, त्याआधीचं राहू दे) आणि शेजारीच ते फाटक दिसलं, लोखंडी फुलांचं. त्याच्या पायरीवर मी तुझी छत्री धरून बसायचो, तुझं काम संपायची वाट बघत. पार्सल काखेत तसंच, आणि मी जिना चढतोय. कशाला, ते मलाही माहीत नाही. बेल वाजवली. बावाजीनेच दार उघडलं. खूप म्हातारा झालाय, काठी आलीय, गेली दोन वर्षं खाली उतरलेला नाही. "किसका पार्सल?" मी म्हटलं, पार्सल नाही, तुमच्याकडे चपात्या करायला यायच्या ना त्या बाई, त्यांचा मुलगा. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू वो? जो मेरे कुंडे का पत्ता तोड़ता था? अंदर आ. चौदा साल लगाया ऊपर आने को." तू जाऊन तेवढीच वर्षं झालीत.

आत भांडण चालू होतं. तेच भांडण, आई! तू सांगायचीस ना, रविवारी बावाजीकडे माणसं येतात, मोठमोठ्या रेकॉर्ड लावतात आणि चहा थंड होईपर्यंत भांडतात. अजून येतात. जुन्यांतले गिरगावचे एक काका उरलेत, बँकेतून रिटायर, मांडीवर डायरी. आणि एक नवीन मुलगी, दादरची, स्वतः बँडमध्ये वाजवते. भांडण एका गोऱ्या दाढीवाल्या कीबोर्डवाल्यावरून. त्याचा मोठा बँड होता, प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. म्हणजे वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं, मध्येच ताल बदलतो, मुद्द्यावर यायला आपल्या कव्वालीसारखाच वेळ घेतात. पण ही मंडळी बँडवर बोलतच नाहीत, बँड सगळ्या जगाने ऐकलाय म्हणे. यांचं चालतं ते त्याने एकट्याने काढलेल्या अल्बमांवर आणि इकडेतिकडे दुसऱ्यांबरोबर केलेल्या साइड प्रोजेक्टवर.

"सोलोमध्येच माणूस कळतो," काका म्हणत होते. "बँडमध्ये पाच जणांची मर्जी सांभाळावी लागते. सोलोला त्याच्या डोक्यात काय आहे ते उघडं पडतं."

"उघडंच पडतं काका. चाळीस जणांचा कोरस, वर घंटा, वर वाऱ्याचा आवाज. लग्नाचा हॉल वाटतो," मुलगी म्हणाली. "साइड प्रोजेक्ट ऐका. तीनच माणसं, लपायला जागा नाही."

"बँडमध्ये भांडणं झाली तेव्हा वेळ घालवायला केलेला उद्योग आहे तो."

"मग रोज भांडायला हवं होतं त्यांनी."

"ए, झगड़ा बंद, लगाता हूँ," म्हणून बावाजीने ती रेकॉर्ड काढली, तिघांवाली. उलटी बाजू, शेवटचं गाणं. सुई टेकली. आणि आई, माझ्या हातातलं पार्सल खाली पडलं. काचेचं काही नव्हतं, नशीब.

तुझा पीस. तुझा! मामा स्टेजवर येण्याआधी तू जो वाजवायचीस तो. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. मी त्या खोलीत बसलोय आणि त्याच वेळी आपल्या चाळीतल्या खोलीत उभा आहे. तू ओट्याशी आहेस, चपाती लाटतेस, लाटणं तीनदा फिरतं, चपाती वळते, दोनदा, वळते, दोनदा. मला वाटायचं सगळ्यांच्या आया अशाच लाटतात. शेजारच्या काकूंचं लाटणं वेगळं वाजतं हे कळलं तेव्हा मला त्यांची दया आली होती. मग तू हात पुसून कॉटवर बसतेस, आजोबांच्या पेटीवर बसलेला तुझा हात कीबोर्डवर फिरतो, आणि तेच लाटणं सुरांत येतं. मी नऊ वर्षांचा. तू कांदा चिरायला उठलीस तेवढ्यात मी वाजवून बघतो आणि सातानंतर एक जास्तीची मात्रा घालतो, कारण मला ते अपुरं वाटतं. तू तिथूनच उलथणं घेऊन येतेस आणि बोटांवर बसतं. "आठवी मात्रा नाही त्याला. थांबायचं तिथं थांबत नाहीस, म्हणून पडतोस." बोटं संध्याकाळपर्यंत बरी झाली. वाक्य अजून दुखतं, कारण अकरावी सोडली तेव्हा, मंडपवाल्याला सोडलं तेव्हा, दर वेळी ते बरोबर निघालं.

मुलगी बोटांवर मोजून मला समजावत होती की हा सातांचा ताल आहे, फार अवघड असतो. मी म्हटलं, रूपक आहे हा, आमच्याकडे चपातीला लागतो. काका कौतुकाने म्हणाले, "या शहरात ही रेकॉर्ड फार तर दहा जणांनी ऐकली असेल, आणि त्यातले तिघं या खोलीत आहेत." माझ्याच्याने राहवेना. "काका, दर एप्रिलला आमच्या नायगावात अख्खं मैदान ह्याच्यावर नाचतं."

असे बघायला लागले जसं काही मी त्यांच्या देवघरात चपला घालून शिरलो.

मी सगळं सांगितलं. तू रविवारी यायचीस, स्वयंपाकघरात असायचीस, इकडे हे भांडायचे, आणि कुणाच्या ध्यानातही नव्हतं की आत कुणी ऐकतंय. बावाजी म्हणाला, "इसीलिए संडे को रोटी इतना स्लो बनाती थी. मुझे लगता था गैस कम आता है." आणि मग त्याला काहीतरी आठवलं. गाणं तेव्हा संपत आलं होतं. संपत नव्हतं म्हणजे, सूर वर चढत होता आणि आवाज हळूहळू कमी होत गेला, नुसती खरखर उरली. ते गाणं तसंच आहे, आई. त्याला शेवट नाही. चढता चढता विरतं. या लोकांचं निम्मं आयुष्य त्याच भांडणात गेलंय, की त्याने पुढे काय वाजवलं असेल. बावाजी म्हणाला, एकदा तू पिठाच्या हातांनी बाहेर आलीस आणि त्याला रागावलीस, मध्येच का बंद करता म्हणून. त्याने दाखवलं, मी बंद नाही केलं, रेकॉर्डच अशी आहे. "वो बोली, फिर आगे क्या हुआ? मैं बोला, बाई, किसी को नहीं मालूम. वो बोली, ऐसा कैसे, बीच में छोड़ के कोई जाता है क्या?"

खरं सांगायचं तर आधी एवढंच कळलं होतं. तुझा पीस तुझा नाही. चौदा वर्षं मी नाक्यानाक्यावर छाती काढून सांगितलंय, हे माझ्या आईचं आहे. पण त्या खरखरीत बसल्या बसल्या डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे तर तो विरत नाही! आपल्याकडे चढतो, अजून चढतो, मग तुझा डावा हात खाली उतरायला लागतो, पायरी पायरीने, आणि शेवटच्या फेरीला, फक्त शेवटच्या फेरीला, तू ती आठवी मात्रा देतेस. ढोलकी धाडकन पडते, मैदानातले सगळे हात वर, आणि मामाचा पहिला शब्द. ढोलकीवाले अण्णा तुला म्हणाले होते, ताई, सातात पब्लिक नाचत नाय. तू म्हणालीस, नाचेल, शेवटी घरी आणू की त्यांना. मला उलथणं का बसलं ते तेव्हा कळलं. ती मात्रा तू राखून ठेवली होतीस.

"पुढचं आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे आहे." काका म्हणाले, अहो, काहीतरीच काय. मुलीने पिशवीतून छोटा कीबोर्ड काढला आणि माझ्या पुढ्यात सरकवला. मला कुठे येतं, दोन बोटांनी वाजवलं, तीनदा चुकलो, पण आणलं घरी. आठवी मात्रा मी टेबलावर हाताने मारली, कप उडाला. मुलगी ओरडली, "परत! परत!" काकांनी डायरी उघडली, पेन टेकवलं, आणि काहीच लिहिलं नाही. नंतर हळूच विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?" इतकी वर्षं तुझ्या हातच्या चपात्या खाल्ल्या त्यांनी. नाव सांगितल्यावर ते त्यांनी दाढीवाल्याच्या नावाखाली लिहिलं, मध्ये रेघ न मारता.

त्यानंतर, तो मिरच्यांचा सोडला तर, मी प्रत्येक रविवारी जातोय. आता मीही भांडतो. माझं मत साइड प्रोजेक्टला आहे, सोलोतल्या घंटा मलाही झेपत नाहीत.

पण मामा. मामा कसा आहे तुला ठाऊक आहे. सिनेमाच्या चालीवर गाणं बांधलं म्हणून त्याने चांगल्या गळ्याच्या पोराला पार्टीतून काढलं होतं. "आपल्या स्टेजवर उसनी चाल नको. आपलं ते आपलं." आणि दर जयंतीला माइक हातात घेऊन तो एवढंच म्हणतो, हे माझ्या बहिणीचं, मग पार्टीतलं कुणीतरी तुझ्या कीबोर्डवर बसतं, आणि तू सुरू होतेस. ते मी त्याच्याकडून कसं काढून घेऊ? आणि न सांगता नाव चढलं, उद्या कुणी खाली लिहिलं, ही तर चोरी, तर तुझा शेवटही चोरीत जाईल. निम्मं त्या दाढीवाल्याचं, पुढचं तुझं, एवढंच बोलायचंय. एवढंच पाच रविवार तोंडातून निघत नाही. मघाशी "मामा, एक मिनिट" म्हणालो, तो म्हणाला, "बोल ना रे," आणि मी विचारलं, एक्स्टेन्शन बोर्ड आणू का.

हे कागद कुठे टाकणार मी? तुझ्या कीबोर्डच्या पिशवीत ठेवतो, आतल्या कप्प्यात, जिथे तू सुपारी ठेवायचीस.

थांब. खालून अण्णा ओरडतायत. "अरे ए, टॅक्सीतून एक म्हातारा पारशी उतरलाय, तुझ्या आईचं नाव घेऊन विचारतोय. काखेत थाळ्याएवढं पुठ्ठ्याचं काय तरी हाय!" मामा माझ्याकडे बघतोय. "कोण रे हा? कुणी बोलावला?" मी मान हलवली, मला काय माहीत. आई, पत्ता मीच दिला होता, आजची वेळसुद्धा. तो जिनाच उतरत नाही म्हणून बिनधास्त दिला होता, आणि उतरला तर बरं, असंही वाटलं होतं. मामा त्याला हात द्यायला खाली गेलाय. दोघं जिना चढतायत, काठी एकेक पायरी वाजतेय, आणि बावाजी धापा टाकत त्याला सांगतोय, "आप उसके भाई? मैं वो सुनने आया हूँ, आगे क्या हुआ."