गुरुवारचं टेबल आणि लाल राजमा

३ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. म्हणून पत्र. आई बरी आहे ना? गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, इथे चांगलं मिळतं.

बाइंडिंगच्या कारखान्यात लागून महिना झाला. छापलेल्या मोठ्या कागदांचे फर्मे दुमडून आले की ते शिवायचे, हे माझं काम. बोटांना भोकं पडलीत, पण मास्तर म्हणाले की माझी शिलाई सरळ येते. ते कौतुक सहसा करत नाहीत म्हणे, त्यामुळे मी दिवसभर हवेत होते.

पण एक भानगड झाली आहे. इथे दर गुरुवारी दुपारी फर्मे दुमडायचं लांबलचक टेबल पुसून त्यावर स्वच्छ कागद पसरतात आणि आठही जणं एकत्र जेवतात. एकाने मोठं भांडंभर काहीतरी करायचं, बाकीच्यांनी पाव, टोस्ट, काकड्या, गाजरं आणायची आणि सगळ्यांनी त्यातच बुडवून खायचं. भांड्यातलं विकतचं चालत नाही. माझी पाळी सव्वीस तारखेला आहे.

ताई, मी आत्तापासून दिवस मोजतेय. आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसापासून मी घराबाहेरच्या माणसाला साधा चहासुद्धा करून दिलेला नाही, तुला माहीत आहे. माझ्या हातचं खाऊन अकरा माणसं आडवी झाली होती तेव्हा. तू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आहेस, तर मला असं काही सांग की जे बिघडूच शकत नाही. नाहीतर मी सव्वीसला सरळ आजारी पडते.

आईला नमस्कार. लोभ आहे तो तसाच ठेव.

तुझी,
ठमी

८ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आजारी पडायचं नाही, ठमाबाई! सरळ शिलाई घालणाऱ्या बाईने एका वाडग्याला घाबरायचं म्हणजे काय? आईचं तेल आहे अजून. ती ते गुडघ्याला कमी आणि दाराच्या बिजागरीला जास्त लावते.

मला दोनशे माणसांचं प्रमाण तोंडपाठ आहे, तुझ्या आठांसाठी भागाकार करताना घाम फुटला. सगळ्यात सोपं म्हणजे छोल्यांचं डिप. तीन वाट्या छोले रात्रभर भिजव, बोटांनी चुरडतील इतके शिजव. साल निघेल तेवढी काढून टाक, मग लोण्यासारखं होतं. भाजलेले तीळ थोड्या तेलात गुळगुळीत वाटून त्यात घाल. लिंबू, दोन लसूणपाकळ्या, मीठ. घट्ट वाटलं तर छोल्यांचंच पाणी चमचा चमचा घाल, एकदम ओतू नकोस, तुझा हात सैल आहे. वरून तेलाची धार आणि तिखटाची चिमूट. जोडीला घट्ट दह्यात किसलेली काकडी पिळून घाल, आणि एक वांगं जाळावर काळं होईपर्यंत भाजून चमच्याने ठेचून ठेव. तीन वाडगे मांडलेस की टेबल भरलं.

लाल राजमा मात्र करू नकोस. करायचीच वेळ आली तर भिजवलेलं पाणी फेकून दे, नवीन पाणी घाल आणि मोठ्या आचेवर अर्धा तास खळखळून उकळ. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो कच्चा टाकायचा नाही म्हणजे नाही. मऊ झाला म्हणजे शिजला असं समजू नकोस. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. पण मुळात करूच नकोस.

झालं की कळव. माया आहेच, ती पत्राने थोडी पातळ होते एवढंच.

तुझी,
ताई

१४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

छोल्यांचं डिप तीनदा केलं. तिन्ही वेळा फेकलं. वाईट झालं म्हणून नाही, छानच झालं होतं. पहिल्यांदा दोन चमचे खाऊन घड्याळासमोर चार तास बसले, की आता मळमळतंय, आता मळमळतंय. काही झालं नाही. तरी ते सगळं कचऱ्यात ओतलं आणि मगच जिवात जीव आला. सांग, असल्या बाईने लोकांना काय खाऊ घालायचं?

त्यात आणखी एक. पुस्तकांवर सोनेरी अक्षरं ठोकणाऱ्या एक बाई आहेत, आम्ही त्यांना सोनेरीबाई म्हणतो. छोले खाल्ले की त्यांच्या अंगावर गांधी उठतात. त्या म्हणाल्या, त्यापेक्षा लाल राजम्याचं कर, त्यांना फार आवडतं. मास्तरांनी लगेच घरून राजम्याची पिशवी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. मी हसून घेतली, काय करणार! तेव्हापासून ती पिशवी ओट्यावर आहे आणि मी ओट्याकडे पाठ करून जेवते.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. राजमा नीट उकळला नाही तर माणसं आजारी पडतात, असाच ना त्याचा अर्थ? मग त्या दिवशी काय झालं? तेव्हाही राजमाच होता. मी तो भिजवून गॅसवर चढवला आणि पाव आणायला गेले. परत आले तर तू तो विजेच्या भांड्यात ठेवला होतास, आणि मी विचारल्यावर उकळून ठेवलाय म्हणाली होतीस. मी फक्त ठेचला, लसूण-लिंबू घातलं आणि वाढला. म्हणजे राजमा नीट उकळलेला होता. मग दोष माझ्या हातांतच होता, आत्या म्हणायची तसाच. हात नीट धुतले नसतील, झाकण ठेवलं नसेल, काहीतरी केलंच असेल मी. आत्या सलाइन लावून पडली होती, आणि त्यानंतर जाईपर्यंत तिने माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी ठरवलंय. पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी, तेवीसला, मास्तरांना सांगते की मला हे जमणार नाही. गुरुवारी सगळ्यांपासून वेगळं बसून डबा खाणं काही मला शोभणार नाही, तेव्हा बहुतेक नोकरीही सोडीन. शिलाईचं काम दुसरीकडे मिळेल.

रागावू नकोस. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

१८ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. नोकरी सोडू नकोस. आधी हे पूर्ण वाच, मग काय करायचं ते कर.

मी राजमा उकळला नव्हता.

तू पाव आणायला गेलीस तेव्हा पाणी नुसतं कोमट झालं होतं. मला माझ्या खिरीसाठी ती शेगडी हवी होती, कारण सगळे पाहुणे माझ्या खिरीचं कौतुक करणार, हे डोक्यात. मी राजमा उचलला, विजेच्या भांड्यात ओतला आणि बटण मंदवर फिरवलं. दुपारपर्यंत तो मऊ झाला. तू विचारलंस तेव्हा तोंडातून निघून गेलं की उकळलाय. तेव्हा मला खरंच वाटलं की त्याने काय फरक पडतो?

संध्याकाळी माणसं उलट्या करायला लागली तेव्हाही मला कारण माहीत नव्हतं. पण मी खोटं बोलले होते हे माहीत होतं. आत्या तुझ्यावर ओरडत होती, आई रडत होती, आणि मी वाडगे विसळत उभी होते.

पुढचं त्याहून वाईट आहे. आठ वर्षांपूर्वी इस्पितळात लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मोठ्या आचारीकाकांनी सगळ्यांना उभं करून राजम्याबद्दल बजावलं. कच्च्या राजम्यात विष असतं, मंद आचेवर ते मरत नाही, उलट वाढू शकतं. आपल्या घरी काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं. त्या दिवशी तुला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत आठ वर्षं घालवली. आत्या गेली. आई अजून तुला मीठसुद्धा घालू देत नाही आणि मी ते बघत बसते. मी भित्री आहे, ठमे. तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

तुझ्या हातांत काही दोष नाही. कधीच नव्हता.

मला माफ कर असं लिहायलाही लाज वाटते. सव्वीस तारखेला राजमा कर. अर्धा तास, मोठी आच, नवीन पाणी. मग मऊ होईपर्यंत शिजव.

तुझी,
ताई

२४ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. फोन केला तर तू उचलत नाहीस. उचलू नकोस, माझी तक्रार नाही. पण जिवाला घोर लागलाय. आईने दोनदा विचारलं की मी जेवत का नाही. तिला पित्त झालंय म्हणून सांगितलं, म्हणजे आणखी एक खोटं. नुसतं एवढंच लिही की नोकरी सोडली नाहीस. बाकी शिव्या घातल्यास तरी चालेल.

तुझी,
ताई

२७ सप्टेंबर

ताई,

नमस्कार लिहायचा मूड नाही. गोड मानून घे.

तुझं पत्र वाचलं आणि आधी खूप रडले. मग आरशासमोर उभी राहून तुला मोठ्याने शिव्या दिल्या, शेजारीण दार ठोठावायला आली इतक्या. बारा वर्षं! माझे हात मी साबणाने घासघासून सोलून काढलेत. एक चांगलं स्थळ मी स्वतः नाकारलं, कारण ती माणसं मोठी खाणारी होती आणि त्यांच्याकडे रोज वीस पानं उठायची. तू ते सगळं बघितलंस. त्याबद्दल मी तुला इतक्यात माफ करणार नाही, उगाच आशा लावून बसू नकोस.

नोकरी सोडलेली नाही. बुधवारी राजमा भिजवला. पाणी फेकलं, नवीन घातलं आणि अर्धा तास म्हणालीस तर मी पाऊण तास उकळला. सगळं स्वयंपाकघर वाफेने भरलं, खिडक्या दिसेनात. नंतर तो मऊ शिजवून ठेचला, परतलेला कांदा, लसूण, लिंबू, जिरं घातलं. दह्यातली काकडी तुझ्या पद्धतीने केली, ती जरा पातळ झाली. हात सैल आहे माझा, खरंय.

गुरुवारी टेबलावर वाडगा ठेवला तेव्हा मला दरदरून घाम फुटला होता. सोनेरीबाईंनी पहिला टोस्ट बुडवला आणि लगेच दुसरा उचलला. मास्तर म्हणाले, मीठ थोडं कमी आहे. इतकं साधं वाक्य, पण मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं मिठावरून, बिचारे फार ओशाळले. कटिंग मशीनवरच्या काकांनी शेवटी वाडगा पावाने पुसून खाल्ला. आज सकाळी आठही जणं कामावर हजर होती. मी दारात उभी राहून मोजली.

आता तुझं. तू माझ्याकडे यायचीस तेव्हा दर वेळी स्वतःचा डबा आणायचीस, मला त्रास नको म्हणून. मला वाटायचं, ताईसुद्धा माझ्या हातचं खायला घाबरते. ते सगळ्यात जास्त लागायचं, आत्याच्या बोलण्यापेक्षाही. आता कळतंय की लाजेने तुला घास उतरला नसता.

पुढच्या रविवारी आईला घेऊन ये. त्या दिवशी काय झालं होतं ते तिला माझ्या टेबलावर, माझ्यासमोर, तू सांगायचंस. मी एक अक्षर बोलणार नाही. ते सांगून झालं की मग मी राजमा मांडीन, आणि पहिला घास आईचा. डबा आणू नकोस.

तुझी,
ठमी