चौकट मी बसवली आहे

४ डिसेंबर, सकाळ
चुलीच्या दारातून धूर गळतो. कारण उघड आहे. शेजारच्या दयाराम वेल्डिंगवाल्याने लोखंडी दार वाकडे बनवून दिले. चूल मी बांधली, चौकटही मीच बसवली, त्यात खोट नाही. त्याला बोलावणार नाही. तासाभराचे काम.

४ डिसेंबर, दुपार
टेस्टिंग केले. या वहीचे पान फाडून दारात धरले, कडी लावली, ओढले. अलगद निघाले. म्हणजे फट आहे. बायको खोकत म्हणाली, एवढं त मले डोये मिटूनही समजते. तिला शास्त्र कळत नाही.

५ डिसेंबर
सायकलची ट्यूब कापून दाराच्या कडेने चिकटवली. पान अडकले. सक्सेस. चूल पेटवल्यावर ट्यूब वितळली. बायको म्हणे, आधी धूर होता, आता टायर जाळून राह्यले. ट्यूबच भेसळीची. दुकानदाराला झापणार.

६ डिसेंबर
बायकोला सकाळपासून धाप. म्हणाली, सोमवारपर्यंत धूर गेला नाही त मी देऊळघाटले वंदनाकडे चालली. वंदना म्हणजे आमची मुलगी. नुसती धमकी. चाळीस वर्षांत गेली नाही. तरी देऊळघाटच्या जीपची वेळ विचारून घेतली, सहज.
दयाराम न बोलावता आला. हिनेच निरोप दिला असणार. वाकून म्हणाला, काका, दार बरोबर हाय, चौकट पिळली हाय. दोन हातोडे मारतो. मी म्हटले, चौकटीला हात लावलास तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. तो म्हणे, दुकानाले पायरी हाये कुठी. उद्धट माणूस.

७ डिसेंबर
सुतळी, वरून माती आणि राख. वाळून भेगा पडल्या. हल्ली मातीत दम नाही. वहीची नऊ पाने गेली.

८ डिसेंबर, सोमवार, सकाळी ७
दाराला बाहेरून पाटा टेकवला. पान ओढले, फाटले, पण निघाले नाही. जिंकलो. लाकूड घालताना पाटा उचलावा लागेल, ते ती बघेल.

सव्वासात
सांगायला आत गेलो. ती नाही. पिशवी नाही. खुंटीवर शाल नाही. जीप सातची असते.

९ डिसेंबर
आज धूर अजिबात नाही. चूल पेटवलेली नाही.
दुपारी दयारामच्या घरून डबा आला. भाकरीला धुराचा वास नव्हता. हे कोणाला सांगायचे नाही.
वंदनाचा फोन. आईचा खोकला कमी आहे म्हणाली. दार पक्के झाले, असे मी सांगितले. मागून बायको म्हणाली, इचार, चौकटीले हातोडा लागला का. रेंज नाही म्हणून फोन ठेवला.
मग हातोडा शोधला. घरात एकच होता. तो दिवाळीपासून दयारामकडे आहे.